पवनचक्क्यांनी ग्रिड सावरावं असं वाटत असेल तर त्यांच्याकडून नेमकं काय मागायला हवं?

पन्नास_हर्ट्झ

गेल्या आठवड्यात इथल्याच एका चर्चेत "वारा आणि ऊन वाढलं की ग्रिड कोसळणारच" असं वाक्य वाचलं. तिथे उत्तर दिलं असतं तर मूळ विषय भरकटला असता, म्हणून हा वेगळा धागा. मी पारेषणाच्या (वीज लांबवर वाहून नेण्याच्या) क्षेत्रात रिले (बिघाड ओळखून लाइन तोडणारी उपकरणं) आणि नियंत्रण यंत्रणांचं काम करतो, त्यामुळे हे वाक्य मला फार लागलं. त्यातली भीती खरी आहे, पण ती चुकीच्या जागी बोट ठेवते.

ज्या घटनेवरून हा समज जगभर पसरला तीच आधी नीट पाहू.

२८ सप्टेंबर २०१६, दक्षिण ऑस्ट्रेलिया. राज्याची मागणी त्या दुपारी साधारण १,८२६ मेगावॅट होती. त्यातले ८८३ मेगावॅट पवनचक्क्यांचे, ३३० मेगावॅट गॅसचे आणि बाकी शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून येणारे. मोठं वादळ आलं, दोन टॉर्नेडोंनी २७५ केव्हीच्या (पावणेतीन लाख व्होल्टच्या) लाइनचे मनोरे आडवे केले, आणि दोन मिनिटांत ग्रिडचं व्होल्टेज सहा वेळा खाली बसलं. बहुतेक पवनचक्क्यांनी पहिले झटके व्यवस्थित सोसले. पण काही यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोजणी बसवलेली होती: ठरावीक वेळात इतक्यांदा व्होल्टेज बसलं, की यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला व्हायचं. काही यंत्रांत ही मर्यादा फक्त दोनची होती. ती ओलांडली गेली आणि सात सेकंदांच्या आत नऊ प्रकल्पांमधली मिळून ४५६ मेगावॅट वीज गेली. सगळा भार व्हिक्टोरियाच्या हेवूड जोडलाइनवर आला, तीही सुटली (आपोआप तुटली), आणि ४ वाजून १८ मिनिटांनी राज्यातले ८,५०,००० ग्राहक अंधारात गेले.

वारा अति झाला म्हणून थांबलेल्या यंत्रांचा यातला वाटा अगदी किरकोळ होता. वीज गेली ती एका आकड्यामुळे. ही मोजणी अस्तित्वात आहे हे ग्रिड चालवणाऱ्यांना माहीत नव्हतं, कारण प्रकल्पांनी दिलेल्या संगणकीय मॉडेलमध्ये ती दाखवलेलीच नव्हती. घटनेनंतर सेटिंग बदलण्यात आली. पाती तीच, जनरेटर तोच, आणि आता तीच यंत्रं एकामागून एक आलेले जास्त झटके सोसू शकतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: पवनचक्की ग्रिडला काय देते हे बरंचसं तिच्या नियंत्रकात काय लिहिलंय यावर ठरतं. आणि नियंत्रकात काय लिहायचं हे आपण, म्हणजे ग्रिडचे नियम करणारे आणि वीज विकत घेणारे, काय मागतो यावर. आपण इतकी वर्षं फक्त युनिट मागितले. युनिट मिळाले.

आजच्या मोठ्या पवन प्रकल्पाला एक मध्यवर्ती नियंत्रक असतो. सबस्टेशनमध्ये ग्रिडला जिथे जोडणी होते तिथलं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी (विजेची लय, आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनं; मागणीपेक्षा वीज जास्त झाली की वाढते, कमी पडली की घसरते) तो सतत मोजतो आणि प्रत्येक यंत्राला सांगतो की इतकी वीज दे, इतकी रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज वर-खाली करणारी वीज) दे किंवा घे. फ्रिक्वेन्सी वाढली तर पात्यांचा कोन बदलून सेकंदाभरात उत्पादन खाली आणता येतं. कोळशाच्या संचाला हा वेग जमणं अवघड आहे. बऱ्याच नव्या यंत्रांचा कन्व्हर्टर (यंत्राची वीज ग्रिडला जुळेल अशी करून देणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) तर वारा पडलेला असतानाही व्होल्टेज सांभाळायचं काम करू शकतो.

अनुभव असणाऱ्यांनी जरूर लिहा. विरोधी मत असेल तर आधी लिहा.

---

अॅडलेडकर

मी त्या दिवशी तिथेच, अॅडलेडला होतो. सिग्नल बंद, ट्राम जागच्या जागी, ऑफिस सुटायची वेळ आणि वरून मुसळधार पाऊस. शहराच्या बऱ्याच भागांत रात्रीपर्यंत वीज आली, पण उत्तरेकडच्या काही भागांना पुढे कित्येक दिवस थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीवर नेतेमंडळी पवनचक्क्यांना दोष देत होती. तेव्हा ती मोजणीची गोष्ट कोणालाच कळलेली नव्हती. सविस्तर अहवाल आला तोवर लोकांचं मत पक्कं झालेलं होतं.

पुढची गोष्ट बाहेर कमी पोचली म्हणून लिहितो. २०१७ च्या डिसेंबरात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्याच हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी सुरू झाली, तिची बातमी जगभर झाली. पण त्याच जागेवरच्या पवन प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याने फ्रिक्वेन्सी सांभाळायची सेवा बाजारात विकून दाखवली, आणि ऑस्ट्रेलियात ते करणारा तो पहिला पवन प्रकल्प होता. त्याबद्दल आमच्या इथेसुद्धा फारसं कोणाला माहीत नाही.

---

निवृत्त_औष्णिक

विरोधी मत आधी मागितलंत म्हणून लिहितो. माझी नोकरी २१० मेगावॅटच्या संचांवर झाली.

आमचा टर्बाइन-जनरेटरचा दांडा मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरतो आणि थेट ग्रिडला बांधलेला असतो. जात्याला एकदा गती आली की हात काढला तरी ते पुढे काही फिरतं, तसं कुठे काही तुटलं तरी हे टनावारी लोखंड पहिले काही क्षण ग्रिडला ओढून नेतं. त्याला कोणी सांगावं लागत नाही, मोजावं लागत नाही, सॉफ्टवेअर अपडेट करावं लागत नाही. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे, तो विसरत नाही.

तुम्ही २०१६ ची गोष्ट सांगितलीत, पण तिचा शेवट गाळलात. हेवूड लाइन सुटल्यावर दक्षिण ऑस्ट्रेलियाची फ्रिक्वेन्सी सेकंदाला सुमारे ६ हर्ट्झ या वेगाने कोसळली. भार कमी करणाऱ्या रिलेंना काम करायला वेळच मिळाला नाही. त्या दुपारी फिरणाऱ्या जड यंत्रांचे संच जास्त असते तर ती पडझड हळू झाली असती आणि निम्मं राज्य तरी वाचलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. आज तुमची सेटिंग दुरुस्त झाली. उद्या दुसरी एखादी सेटिंग निघेल जी कोणाला माहीत नाही.

---

पन्नास_हर्ट्झ

काका, ६ हर्ट्झचा मुद्दा अगदी बरोबर आणि फार महत्त्वाचा आहे. म्हणूनच दक्षिण ऑस्ट्रेलियाने नंतर डेव्हनपोर्ट आणि रॉबर्ट्सटाउन या ठिकाणी मिळून चार मोठे सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. २०२१ मध्ये ते सुरू झाले. ही इंधन न जाळता नुसती फिरत राहणारी यंत्रं आहेत, म्हणजे तुमचं लोखंडच, फक्त बॉयलरशिवाय.

पण पवनचक्कीकडेही फिरणारं वजन आहे. भलीमोठी पाती, हब, जनरेटर. मधल्या कन्व्हर्टरमुळे ते ग्रिडपासून तुटलेलं असतं, ग्रिडला ते 'दिसत' नाही. नियंत्रकाला सांगितलं की फ्रिक्वेन्सी घसरताना दिसली की रोटरचा वेग थोडा खर्ची घाल आणि काही सेकंद ५-१०% जास्त वीज दे, तर ते वजन उपयोगी पडतं. कॅनडातल्या हायड्रो-क्यूबेकने ही अट फार आधी घातली, १० मेगावॅटपेक्षा मोठ्या प्रकल्पांसाठी. त्यांचं ग्रिड शेजाऱ्यांशी डीसी (एकदिश प्रवाहाच्या) दुव्यांनी जोडलेलं, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या बाबतीत एकटं, त्यामुळे त्यांना गरज होती. २०१५ च्या डिसेंबरात एका ट्रान्सफॉर्मरच्या बिघाडाने मोठी निर्मिती गेली तेव्हा या पवन प्रकल्पांनी खरोखरच जादा वीज ढकलली.

त्यातली खोच अशी की हे उसनं आहे. रोटरचा वेग कमी झाला की तो परत मिळवताना यंत्र काही काळ नेहमीपेक्षा कमी वीज देतं. सगळी यंत्रं एकाच वेळी दमली तर फ्रिक्वेन्सीला दुसरा खड्डा पडतो. क्यूबेकलाही हे दिसलं आणि सावरण्याचा टप्पा सौम्य असावा म्हणून त्यांनी अटी सुधारल्या. चांगलं नियंत्रण म्हणजे उसनं कधी आणि किती घ्यायचं, आणि कोणत्या यंत्राने आधी फेडायचं, याचं गणित.

---

निवृत्त_औष्णिक

कंडेन्सर बसवले हे ऐकून बरं वाटलं. माझा मुद्दा हाच होता.

---

गृहिणी_पण_जिज्ञासू

फार चांगली चर्चा चालू आहे, सगळं नाही पण बरंच कळतंय. एक शंका. फ्रिक्वेन्सी वाढली तर पवनचक्की वीज कमी करते हे समजलं. पण ती कमी झाली तर जास्त वीज आणणार कुठून? वारा काही आपण वाढवू शकत नाही. ते उसनंही काही सेकंदांचंच म्हणता.

---

पन्नास_हर्ट्झ

ताई, इथेच पैशांची गाठ आहे. एकच मार्ग: आधीपासून थोडं कमी चालवायचं. वाऱ्यातून १०० मिळत असतील तर ९० घ्यायचे, पात्यांचा कोन तेवढा वळवून ठेवायचा. ग्रिडला गरज पडली की ते १० लगेच देता येतात, आणि जोवर वारा आहे तोवर देत राहता येतात.

पण आपल्याकडे पवन विजेला 'मस्ट रन' दर्जा आहे. जेवढी होईल तेवढी घ्यायची, आणि प्रकल्पाला पैसे मिळतात ते युनिटमागे. मालक स्वतःहून १०% का सोडेल? मला हे वाया घालवणं वाटत नाही. जलविद्युत केंद्रही राखीव क्षमता ठेवतंच. फक्त त्या राखीव क्षमतेची किंमत कोणीतरी द्यायला हवी. ज्या काळात वीज अशीही जास्त होते आणि उत्पादन कमी करायला लावतात, त्या काळात तर हे राखीव जवळजवळ फुकट मिळण्यासारखं आहे.

---

ग्लासगोतून

मी इथे याच विषयात पीएच.डी. करतेय, म्हणून दोन गोष्टी जोडते. त्यातली पहिली पवनचक्क्यांच्या बाजूची नाही.

९ ऑगस्ट २०१९, इंग्लंड. संध्याकाळी पाच वाजायला आठ मिनिटं असताना एका पारेषण लाइनवर आकाशातली वीज कोसळली. रोजचीच गोष्ट, लाइन काही सेकंदांत पूर्ववत झाली. पण हॉर्नसी या समुद्रातल्या पवन प्रकल्पाचं उत्पादन ७९९ मेगावॅटवरून ६२ वर आलं. त्याच सुमारास लिटल बारफर्डचं गॅस केंद्रही टप्प्याटप्प्याने गेलं. फ्रिक्वेन्सी ४८.८ हर्ट्झपर्यंत उतरली आणि सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली. वीज पाऊण तासात आली, पण काही गाड्यांचे डबे कमी फ्रिक्वेन्सीमुळे असे बंद पडले की तंत्रज्ञ येईपर्यंत हलेनात. शुक्रवारची संध्याकाळ, स्टेशनं तुडुंब.

हॉर्नसीत काय झालं? त्यांचा व्होल्टेज नियंत्रक. जोडणीच्या ठिकाणी ग्रिड त्या वेळी थोडं कमकुवत होतं, झटका आल्यावर नियंत्रकाने दिलेला प्रतिसाद डोलायला लागला, डोलणं शमण्याऐवजी वाढलं आणि यंत्रं सुटली. दुसऱ्याच दिवशी सॉफ्टवेअर बदललं गेलं. म्हणजे इथे नियंत्रक गप्प बसला नव्हता, तो मदत करायलाच निघाला होता. फक्त कमकुवत ग्रिडवर ती मदत कशी वागेल याची तपासणी पुरेशी नव्हती. काकांची शंका मला म्हणूनच रास्त वाटते. नियंत्रक बसवणं हे अर्धं काम. त्याचं खरं मॉडेल ग्रिडचालकाच्या हातात देणं आणि वाईटात वाईट परिस्थितीत ते चालवून पाहणं हे उरलेलं अर्धं, आणि ते जास्त कष्टाचं.

दुसरी गोष्ट आनंदाची. नेहमीचा कन्व्हर्टर ग्रिडची लय ऐकतो आणि तिच्या मागे चालतो. ग्रिडच गेलं तर त्याला ऐकायला काही नसतं. आता 'ग्रिड फॉर्मिंग' नियंत्रण आलंय, त्यात कन्व्हर्टर स्वतःच लय धरतो. इथे स्कॉटलंडमध्ये डर्सलॉक नावाचा ६९ मेगावॅटचा पवन प्रकल्प आहे. २०१९ मध्ये तो काही आठवडे या पद्धतीने चालवला. पुढच्या वर्षी तर त्या पवनचक्क्यांनी अंधारातून सुरू होऊन ग्रिडचा एक तुकडा चेतवून दाखवला. ज्या कामासाठी पूर्वी जलविद्युत किंवा गॅसचं केंद्र लागायचं ते वाऱ्याने केलं. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता.

---

पठारावरचा

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात पवनचक्क्यांच्या देखभालीवर आहे. स्कॉटलंडचं वाचून छान वाटलं, आता चाळकेवाडी-वनकुसवड्याचं सांगतो.

इथली पुष्कळ यंत्रं २००० च्या आसपासची, ३५० किलोवॅटची वगैरे. साधी इंडक्शन यंत्रं. मधे कन्व्हर्टर नाही, त्यामुळे तुम्ही म्हणता ते नियंत्रण जवळजवळ नाहीच. आहेत ते कपॅसिटर बँक (रिअॅक्टिव्ह पॉवर पुरवणारे संच), त्यातले काही टप्पे बंद पडलेले. जून ते सप्टेंबर आमचा खरा हंगाम, आणि नेमकं तेव्हाच पाऊस, विजा, झाडं पडणं. फीडरवर (सबस्टेशनला जोडलेल्या लाइनवर) कुठेतरी दोष येतो, व्होल्टेज क्षणभर बसतं, आणि पठारावरची ओळीच्या ओळी यंत्रं एकदम सुटतात. मग धुक्यात एकेका यंत्राशी जाऊन रीसेट. जिथे मी आधी होतो तिथे मालक म्हणायचे कपॅसिटर बदलून युनिट वाढतात का? नाही वाढत, मग राहू दे.

आमच्यासारख्या जुन्या यंत्रांचं काय करायचं ते सांगा.

---

पन्नास_हर्ट्झ

दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत कामाचा आहे.

इंडक्शन यंत्राची अडचण अशी: व्होल्टेज बसलं की त्याला वीज बाहेर टाकता येत नाही, पण वारा पाती फिरवतच राहतो, म्हणून वेग वाढतो. व्होल्टेज परत आलं की हे वेग वाढलेलं यंत्र ग्रिडमधून प्रचंड रिअॅक्टिव्ह करंट ओढतं. म्हणजे सावरू पाहणाऱ्या व्होल्टेजला ते पुन्हा खाली दाबतं. म्हणून अशी यंत्रं सुटणं हे त्या क्षणी ग्रिडसाठी काही वेळा फायद्याचंच असतं, हे कटू आहे पण खरं आहे.

आपल्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम असा की १५ एप्रिल २०१४ नंतर सुरू झालेल्या पवन प्रकल्पांनी व्होल्टेज नेहमीच्या फक्त १५ टक्के उरेल इतकं बसलं तरी ३०० मिलिसेकंद ग्रिडला धरून राहायचं. २०१९ च्या दुरुस्तीने १० मेगावॅटपेक्षा मोठ्या नव्या प्रकल्पांना फ्रिक्वेन्सी नियंत्रणही बंधनकारक केलं. तुमची यंत्रं या आधीची. त्यांना एकेक करून सुधारणं परवडणार नाही. दोनच शहाणे मार्ग आहेत. एक, पठारावरच्या सामायिक सबस्टेशनवर स्टॅटकॉम बसवायचा. तो मिलिसेकंदांत रिअॅक्टिव्ह पॉवर देतो आणि सगळ्या जुन्या यंत्रांना एकत्र आधार मिळतो. दुसरा, जुनी काढून नवी मोठी लावणं. केंद्राचं त्यासाठीचं धोरण २०१६ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये सुधारलं गेलं. अडतं ते जमीन, एकाच पठारावरचे अनेक छोटे मालक आणि जुने करार यांवर. देशातल्या उत्तम वाऱ्याच्या जागांपैकी काहींवर सर्वांत दुबळी यंत्रं उभी आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

सोलापूर_७६५

एक गोष्ट सुटतेय असं वाटतं. दक्षिण ऑस्ट्रेलिया, क्यूबेक, ब्रिटन, आयर्लंड ही सगळी छोटी किंवा एकटी ग्रिड. आयर्लंडने एका क्षणी चालू द्यायच्या वारा-सौर-डीसी आयातीची मर्यादा २०२२ मध्ये ७५ टक्क्यांपर्यंत नेली, पण तिथवर ते ५० पासून पायरीपायरीने, प्रत्येक पायरीवर चाचण्या घेत आले. आपलं ग्रिड ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिण जोडली गेल्यापासून अख्ख्या देशाचं एक आहे. एक-दोन हजार मेगावॅट गेले तरी फ्रिक्वेन्सी फारशी हलत नाही. आपल्याला आज जडत्वाची (फिरत्या वजनाच्या आधाराची) चिंता कमी आहे. आपली दुखणी व्होल्टेजची आहेत, आणि ती कोपऱ्यांतली आहेत. राजस्थानच्या सौर-पवन पट्ट्यात २०२२ पासून एका झटक्यात हजार मेगावॅटहून जास्त निर्मिती जाण्याचे अनेक प्रसंग नोंदले गेलेत. कारणं बहुधा तीच: व्होल्टेज खाली गेलं किंवा उसळलं आणि यंत्रांनी नियमाप्रमाणे तग धरला नाही.

---

ग्लासगोतून

अगदी. आणि व्होल्टेजबद्दल स्पेनचं उदाहरण तर ताजं आहे. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले ते व्होल्टेज वाढत गेल्यामुळे. तिथले पवन आणि सौर प्रकल्प ठरलेल्या पॉवर फॅक्टरवर (म्हणजे रिअॅक्टिव्ह पॉवरचं प्रमाण बांधून ठेवून) चालत होते, कारण नियमच तसा होता. व्होल्टेज कितीही चढलं तरी त्यांनी आपणहून रिअॅक्टिव्ह पॉवर ओढून ते खाली आणायचं नव्हतं. बऱ्याच यंत्रांत ती क्षमता होती, पण मागितली कोणी नव्हती. तो नियम बदलायला जून उजाडला.

---

निवृत्त_औष्णिक

हे मात्र मला माहीत नव्हतं. आमच्या संचावर व्होल्टेज चढलं की एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारा नियंत्रक) आपोआप एक्साइटेशन (जनरेटरच्या चुंबकाला दिलेला प्रवाह) कमी करायचा, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नसे. क्षमता असून बांधून ठेवायची हे समजण्यापलीकडचं आहे.

---

पठारावरचा

स्टॅटकॉमचं पटलं. पण तो सामायिक सबस्टेशनवर बसवायचा तर खर्च कोणाचा? आमच्याकडे एका सबस्टेशनवर इतके मालक आहेत की मीटरच्या वादातच वर्ष जातं. आणि दुसरं, नव्या यंत्रांना सारखं वर-खाली करायला लावलं तर पाती आणि गिअरबॉक्स लवकर जाणार नाहीत का? ते खोलावं लागतं ते आम्हालाच.

---

पन्नास_हर्ट्झ

दुसऱ्याचं आधी. हो, झीज वाढते, पण सगळ्या सेवांनी सारखी नाही. व्होल्टेजचं काम कन्व्हर्टर करतो, त्याचा पात्यांवर आणि गिअरबॉक्सवर जवळजवळ ताण नाही. उत्पादन कमी ठेवून चालवणं तर बऱ्याचदा यंत्राला हलकंच जातं. जाच होतो तो फ्रिक्वेन्सीच्या प्रत्येक बारीक हालचालीमागे पात्यांचा कोन सारखा बदलत राहण्याने. पात्यांचा कोन वळवणारी पिच बेअरिंग आणि मोटर झिजतात. म्हणून डेडबँड ठेवतात, म्हणजे ठरावीक पट्ट्यातल्या बारीक चढउताराकडे लक्ष द्यायचंच नाही. शिवाय मध्यवर्ती नियंत्रक काम वाटून देऊ शकतो. ज्या यंत्राला आज वारा चांगला आहे आणि ज्याचं बेअरिंग नवं आहे त्याने पुढे व्हावं, तुम्ही ज्याच्यावर लाल खूण करून ठेवलीय त्याला वगळावं. त्यासाठी तुमच्या देखभालीच्या नोंदी त्या नियंत्रकापर्यंत पोचायला हव्यात, आणि आज त्या वहीत राहतात.

खर्चाबद्दल: माझ्या मते सामायिक स्टॅटकॉम हा पारेषणाचा भाग धरावा आणि त्याचा खर्च पारेषण शुल्कातून जावा, कारण त्याचा फायदा फक्त पवनवाल्यांना नाही, त्या फीडरवरच्या गावांनाही आहे. दर ठरवताना वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो, तिथे लेखी म्हणणं कोणीही देऊ शकतं. तुमच्याकडे कुठल्या सबस्टेशनवर पावसाळ्यात किती वेळा ओळीने ट्रिपिंग झालं याच्या तारीखवार नोंदी असतील तर मालकांची नावं काढून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मसुदा मी लिहितो. ग्लासगोच्या ताई, स्टॅटकॉमचा आकार किती लागेल याचा अभ्यास करून द्याल का? लाइनचे आकडे मिळवायचं काम सोलापूरकरांवर सोपवावं म्हणतो.

---

सोलापूर_७६५

पाठवतो. ट्रान्सफॉर्मरच्या टॅपची (व्होल्टेज बदलण्याच्या पायऱ्यांची) माहितीही लागेल, तीही बघतो.